घोडेटेकची पिछाडी

३ सप्टेंबर, बुधवार

ही डायरी २०१९ सालची आहे. कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो तेव्हा मिळाली, ती कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहायचे. कागद चांगला आहे, टाकवत नाही.

लिहायचं कारण असं. गौरी-गणपतीला साईराज पुण्याहून आला होता, काल परत गेला. जाताना बूट घालता घालता म्हणाला, "आण्णा, तुमी आनि आई माज्याकडं या. कायमचं. अकराव्या मजल्यावर हवा लय चांगली हाय." मी म्हणालो, हवा इथंही आहे आणि जिने चढावे लागत नाहीत. तो म्हणाला, "हवा हाय वो, पर तुमाला काम न्हाई. आनि तुमाला काम न्हाई म्हनून तुमी गावाला कामाला लावताय." मग त्याने बोटांवर मोजून दाखवलं. डेअरीत लोकांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. शाळेत झेंड्याची घडी चुकली म्हणून हेडमास्तरांना पोरांसमोर तीनदा घालायला लावली. आणि शेजारच्या धुळाच्या म्हशीला एका जागी थांबायला शिकवत होतो ती बिथरून सोसायटीच्या ऑफिसात शिरली. म्हशीचं मला मान्य आहे. बाकी दोन्हीत माझी चूक नव्हती.

मी निवृत्त सुभेदार आकाराम निकम. अठ्ठावीस वर्षं पलटण, नऊ वर्षं कारखाना. अकराव्या मजल्यावर मी काय करू, लिफ्टला सलामी देऊ? तोंडातून निघून गेलं, "मला काम आहे. मी घोडेटेकवर लोकांना फिरवणार आहे. निसर्ग आणि इतिहास." बोलेपर्यंत हे मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वीस माणसं माझ्याबरोबर टेकावर चढली, तर आम्ही दोघं गावातच राहायचं. नाहीतर सामान बांधायचं. साईराज म्हणाला, "गावातली न्हाईत, बाहेरची वीस. आनि घरची मानसं धरायची न्हाईत." पोरगा माझाच आहे, पळवाटा बुजवून गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

घोडेटेक आमच्या शिवाराच्या डोक्यावर आहे. साताऱ्यापासून दहा किलोमीटर. साताऱ्यातले लोक फुलं बघायला पठारावर जातात, गाड्यांच्या रांगेत तीन तास बसतात आणि फुलांपेक्षा पुढच्या गाडीची नंबरप्लेट जास्त बघून येतात. आमच्या टेकावर तीच फुलं फुकट उगवली आहेत आणि एक माणूस येत नाही. वर कातळाचा सपाट सडा आहे, पाण्याचं एक खोदीव टाकं आहे, आणि चढाच्या मध्यावर छातीएवढी एक वीरगळ उभी आहे. लढताना मेलेल्या वीराच्या नावाने पूर्वी असा कोरीव दगड लावत. आमची तेलाने काळी पडली आहे, तरी खालच्या चौकटीत तलवारवाला वीर आणि त्याचा घोडा चांगला समजतो. मराठ्यांचं घोडदळ इथे विसावा घ्यायचं, म्हणून घोडेटेक. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण दुसरं काय असणार?

व्हॉट्सॲपवर गट काढला. संध्याकाळी हिने, म्हणजे मनुबाईने, विचारलं, "आवं, बायकांनी आलं तर चालतं का?" मी म्हणालो, "चालतं की. का?" म्हणाली, "न्हाई, असंच." मी म्हणालो, "तू मात्र घरी हवीस. लोक उतरल्यावर चहा कोण करणार?" ती बरं म्हणून आत गेली. तिची मदत असली की काळजी नसते.

७ सप्टेंबर, रविवार

नफरी तीन. पलटणीत हजर माणसांच्या संख्येला नफरी म्हणतात. सहा वाजता फॉल-इन सांगितलं होतं, साडेसहाला आले. वीरगळीजवळ मी चाळीस मिनिटं इतिहास सांगितला. एकजण मध्येच खाली बसला, त्याला उठवलं. परतताना दोघं करवंदीच्या जाळीत वाट चुकले. वाटेला खुणा नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. व्यवस्था करतो.

१० सप्टेंबर, बुधवार

व्यवस्था केली. पलटणीत पहिल्या दिवशी शिकवतात, हलेल त्याला सलाम कर आणि हलणार नाही त्याला चुना लाव. वाटेकडेचे सत्तेचाळीस दगड घासून पांढरे केले, वर गेरूचा पट्टा. चुन्यात डिंक कालवला, म्हणजे पाऊस आला तरी निघत नाही. खालून बघितलं की सरळ ओळ दिसते. डोळे निवले.

१४ सप्टेंबर, रविवार

नफरी पाच. त्यात साताऱ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या अंकिता मॅडम होत्या. वय तिशीच्या आत, पण मला आण्णाच म्हणतात. रंगवलेल्या एका दगडाजवळ त्या चक्क गुडघ्यावर बसल्या.

"आण्णा, हे तुम्ही केलंत?"

"एकट्याने. सत्तेचाळीस आहेत."

"यांच्यावर दगडफूल असणार. वाढायला वर्षानुवर्षं लागतात त्याला."

"होतं की. सगळं खरवडून काढलं."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, फोटो काढले. इतक्या नीटनेटक्या वाटेची त्यांना सवय नसावी. जाताना म्हणाल्या, "पुढचा दगड रंगवायच्या आधी मला एक फोन कराल?" रंगाची निवड सुचवायची असेल. हो म्हणालो.

घरी आल्यावर ही म्हणाली, "मसाल्याला दगडफूल संपलंय. टेकावर घावलं तर आनता का?" मी म्हणालो, आता तिथं काही नाही, सगळं साफ आहे. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मधले रविवार असेतसेच गेले. चार, सहा, चार. आज तात्याबा आला.

तात्याबा धनगर माणदेशातला. दसरा झाला की मेंढरं, घोड्या आणि बिऱ्हाड घेऊन निघतो. सोयाबीन निघालं की आमच्या रानात मेंढरं बसवतो, रानाला खत मिळतं. सुगीभर ह्याच शिवारात फिरतो आणि मग कोकणाकडे उतरतो. हे आमच्या वडिलांच्या वेळेपासून चाललं आहे. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. आल्या आल्या त्यांची एक पद्धत आहे. बायको सुलाबाईला घेऊन आधी वीरगळीकडे जातो, तिला पाण्याने धुतो, तेल लावतो, भंडारा वाहतो आणि मगच मेंढरं रानात सोडतो. तेलावर धूळ बसून दगड काळाकुट्ट होतो, पण जुन्या माणसाला काय बोलायचं.

कळप आता त्याचा मुलगा मल्हार बघतो, म्हणून म्हाताऱ्याला म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर चल. तो म्हणाला, "सुबेदार, मला पुढं हुबा ऱ्हाऊन बोलाया येत न्हाई." मी म्हणालो, बोलायला मी आहे. तू पिछाडी सांभाळ, मागे कोणी राहता कामा नये. त्याला शिट्टी दिली. त्याने ती घोंगडीच्या गाठीला बांधली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी उरकून पहिली फेरी. नफरी अकरा!

पण लोकांचा दम फार कमी आहे. निघताना सगळे माझ्यामागे होते, तिसऱ्या वळणाला बघतो तर पुढे चौघं, बाकी तात्याबाजवळ. वीरगळीपाशी दोघंच पोहोचले. मागून हसण्याचे आवाज येत होते. शिट्टी एकदाही वाजली नाही. तात्याबाला विचारलं तर म्हणतो, "कुनी ऱ्हायलंच न्हाई मागं, समदी माज्यासंगंच हुती." पुढच्या वेळी निघण्याआधी दहा मिनिटं कसरत घेईन.

संध्याकाळी गटावर एका बाईंनी लिहिलं, "बाबा किती छान सांगतात! लांडग्याची विष्ठा ओळखायला शिकले, पांढरी आणि केसाळ. हिवराच्या झाडाखाली का झोपू नये तेही कळलं." मी लांडग्याचं काही सांगितलं नव्हतं. शत्रूचा माग कसा काढायचा ते सांगितलं, त्यावरून त्यांनी अर्थ लावला असेल. हिवराचं कुठून आलं ते आठवत नाही. मला बाबा म्हटलेलं आवडत नाही, पण कौतुक आहे म्हणून सोडून दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

नफरी सोळा. कसरतीचा उपयोग शून्य. पुढे फक्त मी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी मात्र इतिहास शेवटपर्यंत ऐकला.

अंकिता मॅडमचा फोन आला. पाचगणीच्या एका निवासी शाळेचे शिक्षक सोळा तारखेला त्यांच्याबरोबर येणार. आवडलं तर दर हिवाळ्यात मुलांना आणतील. म्हणजे वीसचा प्रश्नच मिटला. फोन ठेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "तात्याबा असतील ना नक्की?" बाई काळजी घेणारी आहे. पिछाडी उघडी राहू नये हे सिव्हिलियन माणसाला सहसा सुचत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ही बाजाराला साताऱ्याला गेली होती. कॅनव्हासचे बूट घेऊन आली, पांढरे, नाडीचे. पिशवीत खाली दडवले होते, मला दिसले. जन्मात चपलेशिवाय काही घातलं नाही आणि आता बूट. पुण्याची तयारी. बाग असते तिथे चालायला, साईराज म्हणाला होता. म्हणजे हिचाही माझ्यावर भरवसा नाही. जेवण गेलं नाही. दोनदा म्हणाली, "आवं, काय झालं?" मी म्हणालो, भात कच्चा आहे. भात चांगला होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाहुणे परवा येणार. दोन दिवस टेकावरच आहे. जुने दगड पुन्हा उजळले आणि मुख्य काम म्हणजे वीरगळ. तेलाचा वरचा थर सोड्याने धुऊन काढला आणि डिंक घालून चुन्याचे दोन हात दिले. चौकटींना गेरू. काळी धोंड होती, ती आता खालच्या रस्त्यावरून चमकतं. अंकिता मॅडमना फोन करायचं आठवलं होतं, पण म्हटलं प्रत्यक्षच बघू दे. तात्याबा रहिमतपूरच्या बाजाराला गेला आहे, त्यालाही परवाच दिसेल. त्याच्या देवाचं मी एवढं केलं म्हणून खूश होईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

नफरी बावीस. तरी आज काय झालं ते लिहायला हात उठत नाही.

वीरगळीपाशी पोहोचलो. आज सगळ्यांना पुढे बोलावून घेतलं होतं. मी बाजूला सरकलो, म्हणालो, "बघा." पाचगणीच्या एका सरांनी चष्मा काढून पुसला. अंकिता मॅडम म्हणाल्या, "आण्णा, हे काय केलंत?" तेवढ्यात मागून तात्याबा आला.

तो दगडाकडे बघत राहिला. मग जवळ गेला, तळहात चौकटीवर ठेवला आणि हात उलटून पांढरी झालेली बोटं बघितली. मी म्हणालो, "कसं झालंय, तात्याबा?" त्याने घोंगडीची गाठ सोडली, शिट्टी काढली, वीरगळीच्या पायाशी ठेवली आणि खाली उतरून गेला. एकदाही वळून बघितलं नाही.

पुढे मी लोकांना टाक्यापर्यंत नेलं, इतिहास सांगितला. बावीसच्या बावीस माझ्याजवळ होते आणि एकही ऐकत नव्हता.

एवढं काय बिघडलं? दगड फोडला नाही, विकला नाही, साफ केला. नाराजीची काही रीत असते की नाही?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या रानात बसायचे अजून आठ दिवस होते. पहाटेच तात्याबा मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडे गेला. ही ताकाची किटली घेऊन सुलाबाईकडे निघाली होती, ती रिकामं रान बघून तशीच परत आली. किटली ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली,

"तुमच्या बापाच्या फोटोला कुनी चुना फासला तर काय कराल?"

"हा कुणाचा बाप आहे?"

"त्येंचाच. गुरं राखताना मेलेला त्येंच्यातला मानूस हाय त्यो. पिढ्यान् पिढ्या जाता-येता आंगुळ घालत्यात त्येला. सुलाबाईनं मला सांगून बारा वर्सं झाली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?"

मी मोटर बघायला जातो म्हणून बाहेर पडलो. लाईट नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार

नफरी तीन. तिघांनी इकडेतिकडे बघितलं, मग एकाने विचारलं, "बाबा नाहीत का आज?"

मी म्हणालो, "मीच."

"नाही नाही, घोंगडीवाले बाबा."

ते चहा पिऊन गेले. मी ही डायरी काढली आणि सव्वीस ऑक्टोबरपासून पुन्हा वाचली. दोनदा वाचली. पोस्टातल्या गृहस्थांचं वाचून तर मलाच हसू आलं आणि मग लाज वाटली. बासष्ट वर्षांच्या माणसाला एवढी लाज वाटू शकते हे माहीत नव्हतं. लोकांना दम होता. माझ्याबरोबर चालायची हौस नव्हती.

पाचगणीच्या शाळेचा निरोप आला, यंदा जमणार नाही. डिसेंबरचे चार रविवार उरले आणि माझ्याकडे एक माणूस नाही. पण आज खरं सांगायचं तर वीसपेक्षा तात्याबाने उलटलेला तो हात जास्त छळतो आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ओढ्यापलीकडे गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. पलटणीत चूक झाली की शिक्षा असते, ती भोगली की प्रकरण संपतं, माफी मागायचा सराव होत नाही. तात्याबा लोकर पिंजत बसला होता. मी सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "मी, सुभेदार आकाराम निकम, माझ्या हातून..." इथे त्याचं कुत्रं एवढं भुंकायला लागलं की पुढचं मलाच ऐकू आलं नाही.

तात्याबा म्हणाला, "पयलं त्येला सांगा, त्यो ऐकल्याबिगर गप बसनार न्हाई."

मग मी खाली बसलो. म्हणालो, "तात्याबा, माझं चुकलं. मला वाटलं मी चांगलं करतोय."

त्याने हातातली लोकर बाजूला ठेवली. मग म्हणाला, "माज्याकडं कशाला आलासा? ज्येचं तोंड रंगवलंय त्येला जाऊन सांगा. आनि घासू नगा. भिजवा."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अंकिता मॅडमना फोन केला. आधी सगळं कबूल केलं, मग उपाय विचारला. तारेचा ब्रश नाही, सोडा नाही, काही नाही. ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं आणि बांबूच्या कामटीने थोडं थोडं सोडवायचं. टाक्यातून पाणी वाहिलं, बारा खेपा. दिवसभरात दोन तळहातांएवढी जागा मोकळी झाली. डिंक अस्सल होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाचवा दिवस. पाठ धरली आहे. तात्याबा पलीकडच्या बांधावर मेंढरांजवळ बसतो आणि इकडे बघतो. कालपर्यंत दोन शेतं लांब होता, आज एक.

१ डिसेंबर, सोमवार

आज तो येऊन शेजारी बसला. तासाभराने म्हणाला, "कामटी उलटी धरलीया." दुसरी कामटी घेऊन त्याने स्वतः सुरुवात केली. मग आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत काम केलं, पाचसहा शब्द बोललो असू.

४ डिसेंबर, गुरुवार

खालची चौकट उघडी झाली. चुना गेला आणि त्याखालचं जुनं किटणही गेलं, त्यामुळे रेषा स्वच्छ दिसतात. वीराच्या हातात तलवार नाही. काठी आहे. आणि माझा तो घोडा म्हणजे गाय आहे, पोटाखाली वासरू ढुसण्या देतंय. वासराचं शेपूट मी तीन महिने लगाम म्हणून दाखवत होतो.

तात्याबाला विचारलं, "मग घोडेटेक का म्हणतात? घोडदळ इथं नव्हतंच?"

"व्हतं की! आमचंच. धा-बारा घोड्या, त्येंच्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लेकरं. कोकणात उतरायच्या आदी हितं दम खायाच्या. माजी आय मला घोडीवर बांधूनच घिऊन आली हुती म्हनं."

मी खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

६ डिसेंबर, शनिवार

वीरगळ मोकळी झाली. उजव्या कोपऱ्यात, वासराच्या खुराजवळ, रुपयाएवढा एक पांढरा डाग मात्र खाचेत बसला आहे, तो निघेना. मी कामटीला जोर लावला तसा तात्याबाने हात धरला.

"ऱ्हाऊ दे, आकाराम. दगुड फुटंल." जन्मात पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. मग म्हणाला, "पुढल्यास्नी कळू दे, हितं एक सुबेदार बी यिऊन गेल्याला."

सुलाबाईने पाणी घातलं, तेल लावलं. मला वाटीत बोट बुडवून लावायला सांगितलं. लावलं.

२१ डिसेंबर, रविवार

गेले तीन रविवार पुढे तात्याबा आणि मागे मी. सात, अकरा, पंधरा. मागे असलं की ऐकू येतं. तरवड गुरांच्या कोणत्या दुखण्याला लागतो, टिटवी खोटं खोटं लंगडत माणसाला अंड्यांपासून लांब कशी नेते, मुंग्या वारुळाचं तोंड का बदलतात. ह्या टेकाखालीच जन्मलो, बासष्ट वर्षांचा झालो, यातलं एकही मला येत नव्हतं. शिट्टी आता माझ्याकडे आहे. अजून वाजवायची वेळ आली नाही.

मल्हार कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागला, सुलाबाईही गेली. तात्याबा म्हणाला, एक रविवार थांबतो, मग एसटीने पाटणला जाऊन गाठीन त्यांना.

२८ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

साईराज काल आला. सकाळी हाताची घडी घालून अंगणात उभा होता, टेकावर चढायचं म्हणून पुण्याचे भारी बूट घातलेले. साडेसहापर्यंत सतरा. पावणेसातला मोटरसायकलवर दोघं. एकोणीस. सातपर्यंत थांबलो. रस्त्यावर एक रिकामा उसाचा ट्रॅक्टर सोडला तर कोणी आलं नाही.

अंकिता मॅडम बघत होत्या, त्यांना ती अट कुणी सांगितली कोण जाणे. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "मला दोनदा मोजा." मी म्हणालो, "एकोणीस. चला."

तेवढ्यात घरातून ही बाहेर आली. लुगड्याचा काष्टा आवळून घेतलेला, डोक्याला मफलर आणि पायात ते पांढरे कॅनव्हासचे बूट.

मी म्हणालो, "कुठं निघालीस?"

म्हणाली, "टेकावर. चा पिपात भरून ठेवलाय, कुनाला लागंल त्यो घील."

मला त्या बुटांकडे बघून काय वाटलं ते मी इथे लिहिणार होतो, पण लिहिता येत नाही. सात आठवडे ते पुण्याचे बूट समजून मी तिच्यावर मनातून रुसलो होतो.

चढताना ती तात्याबाच्या बरोबरीने पुढे होती. माहेर तिचं पाटणकडचं, डोंगरातलं. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. तात्याबा एका झाडाचं नाव सांगायचा, ही त्याची भाजी कशी करतात ते सांगायची. एका न रंगवलेल्या दगडावरून तिने चिमूटभर दगडफूल घेतलं आणि अंकिता मॅडमना म्हणाली, "येवढंच घ्यायचं, बाकी त्येला ऱ्हाऊ द्यायचं." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

वीरगळीपाशी तात्याबाने सगळं सांगितलं आणि मग मला पुढे बोलावलं, "तुजं तू सांग." मी पुढे झालो. सांगितलं की तीन महिने मी लोकांना काठीची तलवार आणि गाईचा घोडा करून सांगत होतो. ज्या लोकांचा हा पूर्वज आहे, त्यांना न विचारता मी त्याच्या तोंडाला चुना लावला. कोपऱ्यात पांढरा डाग आहे तो इतिहासातला नाही, माझा आहे. "माझी चूक होती," असं म्हणालो. पुढे लहान मुलंही होती. कोणी हसलं नाही. मागे बघितलं तर साईराज हाताची घडी सोडून उभा होता.

उतरताना तो पिछाडीला माझ्याजवळ आला.

"आण्णा, किती झाली?"

"एकोणीस."

"आनि आई?"

"घरची धरायची नाहीत. तूच ठरवलंस."

त्याने बूट काढून आतला खडा झटकला. मग म्हणाला, "पस्तीस वर्सं आई परड्यातनं ह्या टेकाकडं बघतिया. तुमी तिला एकदा तरी आनली का हितं? मंग ती बाहेरचीच की. धरा तिला."

असा घाव मी पलटणीतसुद्धा खाल्ला नव्हता. मी म्हणालो, "वीस." तो म्हणाला, "वीस," आणि आईच्या पुढे पळत गेला, लहानपणी जायचा तसा.

तात्याबाला दुपारच्या एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाला, "दसऱ्याला येतो. तवर पिछाडी सांबाळ." शिट्टी मी त्याच्या घोंगडीला बांधून दिली.

हिचे बूट दारात आहेत. पांढरे राहिले नाहीत, आणि नाडीपासून टाचेपर्यंत कुसळांनी भरलेत. पुढच्या रविवारी तिला लागतील. एकेक कुसळ काढायला बसलो आहे, म्हणून लिहिणं इथेच पुरे.